घरच्या पोराची जोड

पिंजऱ्यातल्या मारामारीवर पैसे कसे लावायचे ते मला कळतं, असं मी सांगितलं तर आमच्या शुक्रवार पेठेतल्या भजनाच्या बायका पदर तोंडाला लावतील. लावू देत. मी तीस वर्षं सरकारी नर्स होते. निम्मी नोकरी मैंदर्गीच्या बाजूला उपकेंद्रावर गेली, उरलेली सोलापूर शहरात. बाळंतपणं केली, डोस पाजले, हगवणीच्या साथीत वस्त्यांवर चालत गेले, आणि कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र दर रविवारी सकाळी देवपूजा उरकायची, चष्मा लावायचा, आणि अमेरिकेतल्या दोन उघड्याबंब गड्यांतला कोण मार खाणार ते मी सांगायची. दहातल्या सहा-सात वेळा बरोबर सांगायची. तेव्हा मला त्यात शरम वाटत नव्हती. आता वाटते, आणि ती का वाटते तेच सांगायला बसले आहे.

हे वेड घरात आलं ते आमच्या मालकांमुळं. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, मालकी कुणाची चालते ते ज्याच्या त्याच्या घरात ठाऊक असतं. ते दुधनीजवळच्या एका खेड्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरणेपणी कुस्ती खेळायला सोलापुरात आले, गुडघा गेला, मग सूतगिरणीच्या गेटवर नोकरीला लागले. पैलवान म्हणून त्यांचं फार नाव झालं नाही. नाव झालं ते जोड लावण्यात.

जत्रेच्या फडात शंभर पोरं लंगोट कसून उभी असतात आणि कुणाची कुणाशी लावायची हे जागेवर ठरतं. ते ठरवायला डोळा लागतो. मालक पोराची मान बघायचे, कान मोडलेत का बघायचे, पिंढरी चाचपायचे, दोन पावलं चालवून बघायचे. मग दोघांचे हात धरून आखाड्यात फिरवायचे आणि म्हणायचे, ही जोड. त्यांनी लावलेली कुस्ती झटक्यात सुटली असं सहसा झालं नाही. दोघं घामाघूम व्हायचे, लोकांचं मन भरायचं. पण घरचं किंवा भावकीतलं पोर उतरलं, की मालक खांद्यावरचा टॉवेल दुसऱ्या जाणत्याच्या हातात द्यायचे आणि आखाड्याबाहेर जाऊन बसायचे. घरच्या पोराची जोड आपण लावायची नसते. आपल्या रक्ताचं असलं की डोळा खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला एकच मुलगा. आठव्या वर्षी मालकांनी त्याला तालमीत घातला. पोरगं चांगलं होतं, चपळ होतं, कुस्तीसाठी पुण्याला गेलं. तिथं दोन वर्षांनी त्यानं कुस्ती सोडली आणि त्या पिंजऱ्याच्या खेळात शिरला. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकत्र. मालकांनी त्याची एकच लढत मोबाईलवर बघितली. आमचा पोरगा पडलेल्या माणसाच्या छाताडावर बसून त्याला ठोसे मारत होता. मालकांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, पाठ लागली की हात देऊन उठवायचं असतं, ह्यो पडलेल्याला मारतोय. त्या दिवसापासून बोलणं बंद.

पाच वर्षं! एका माणसानं पाच वर्षं आपल्या पोटच्या पोराशी बोलू नये? किती भांडले मी. पोरगं रोज दिवेलागणीला मला फोन करायचं. फोन आला की मालक टीव्हीचा आवाज बारीक करायचे. ऐकायचं तर असायचं, बोलायचं नसायचं. एकदा मी मुद्दाम फोन घेऊन गच्चीवर गेले, तर पाच मिनिटांत हे गुडघा धरत जिना चढून वर आले. वाळत घातलेले सांडगे बघायला आलो म्हणाले. सांडगे मी दोन दिवसांपूर्वीच काढले होते.

आमच्या खालच्या खोलीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक गृहस्थ राहतो. घरात तेलुगू बोलतात, मला अक्का म्हणतो. त्याला क्रिकेटवर पैसे लावायची खोड. कुणीतरी त्याला मोबाईलवर सट्टा लावायचा आयडी दिला, तिथं या पिंजऱ्याच्या लढती पण असायच्या. तो एका रविवारी वर आला आणि मालकांना विचारायला लागला की पैलवान, या दोघांत कोण जिंकेल ते जरा सांगा. मालकांनी आधी झिडकारलं. मग तिरक्या डोळ्यानं बघितलं. मग चष्मा मागितला.

पहिल्याच लढतीत मालकांची फजिती झाली. एक गडी उताणा पडला, दुसरा त्याच्या अंगावर. मालक म्हणाले, संपली कुस्ती, पाठ लागली. आणि उठून तंबाखू मळायला लागले. तोवर खालच्यानं दोन्ही पायांत वरच्याची मान आवळली आणि वरच्यानं जमिनीवर हात आपटून हार कबूल केली. मालक चुना बोटावर घेऊन तसेच उभे. पाठ लागली की त्याची, पाठ लागली की, असं दिवसभर म्हणत होते. खालच्या गृहस्थाला सांगून त्यांनी ती लढत चार वेळा बघितली. पन्नास वर्षं जे हरणं म्हणून माहीत होतं ते तिथं हरणं नव्हतंच. मी पोट धरून हसले. पण त्या माणसानं ते शिकून घेतलं हो. महिन्याभरात उताण्या पडलेल्या गड्याचे पाय मोकळे आहेत का अडकलेत, हे ते माझ्याआधी सांगायला लागले.

मी या भानगडीत पडले ती वजनामुळं. लढतीच्या आदल्या दिवशी या गड्यांचं वजन करतात. जो तो आपल्यापेक्षा हलक्या गटात शिरायला बघतो, म्हणून आधीचे दोन-तीन दिवस पाणी तोडतात, मीठ तोडतात, गरम वाफेत बसून घाम काढतात. वजन झालं की पाणी पिऊन पुन्हा भरायचं. ते वजन करतानाचं चित्र शनिवारी सकाळी आपल्याला मोबाईलवर दिसतं. मी पोळ्या लाटता लाटता सहज बघितलं आणि लाटणं ठेवलं. त्या गड्याचे डोळे खोल गेले होते, ओठ दातांना चिकटले होते, हसायला गेला तर सुटेनात.

म्हटलं, अहो, याला सलाईन लावायला पाहिजे.

मालक हसले. म्हणाले, शिस्टर, ती पैलवान माणसं हायत, तुझी बाळं न्हायत. मला चिडवायचं असलं की शिस्टर म्हणतात. पण मी असली बाळं शेकड्यानं बघितली होती. मैंदर्गीकडच्या बायका कानडीत बोलायच्या, मला सगळं कळायचं नाही. नीरु म्हणजे पाणी एवढं कळलं की काम भागायचं. बाळाचे डोळे, जीभ, पोटाची कातडी चिमटीत धरली तर परत कधी बसते, एवढं बघायचं आणि जलसंजीवनीची पुडी फोडायची. त्या गड्याची कातडी मला चिमटीत धरता येत नव्हती, पण दिसत होती. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच फेरीत पाय ओढायला लागला आणि पडला. सगळ्यांनी त्यालाच जिंकणार धरला होता.

तेव्हापासून आमचं ठरलं. शनिवारी मी बघायची, रविवारी मालक बघायचे, आणि खालच्या गृहस्थानं माझ्या फोनवरही आयडी घालून दिला. माझे नियम साधे. ओठ चिकटले की त्याच्यावर पैसा नाही. वजनकाट्यावर चढताना ज्याला दुसऱ्यानं कोपर धरलं, त्याच्यावर नाही. एका दिवसात तोंड भरतं, अंग भरत नाही, हे मी कुणालाही लिहून देईन. मालकांचं निराळं. ते म्हणायचे, भाव लावणारे नावाला भुलतात. ज्याला सगळे हरणार म्हणतात त्याच्यावर लावलं तर पैसे जास्त येतात. मग जोड बघायची. जगानं उणी-अधिक ठरवलेली जोड आपल्या डोळ्याला बरोबरीची दिसली, तर उण्यावर लावायचं, नाहीतर गप्प बसायचं. रविवारी दोनच लढती. दोन्ही हरल्या तरी तिसरी नाही. हरल्याच्या रागात लावलेला पैसा परत येत नाही. आणि मोठी रक्कम कधी नाही, भाजीच्या पिशवीपुरती.

आता खरं सांगते. पैशाचं कुणाला पडलं होतं? आम्हाला दोघांना निवृत्तीवेतन आहे. त्या रविवारांत आम्ही दोघं शेजारी बसायचो, हेच मोठं होतं. मालक माझं ऐकायचे. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या नोकरीतलं एक अक्षर विचारलं नव्हतं, ते आता विचारायचे, मीठ तोडलं की पायात गोळे का येतात, किती पाणी किती वेळात द्यायचं. आणि मधेच काहीतरी भलतंच विचारायचे. पिंढरीवर लाथ बसली तर नंतर शेकतात का बर्फ लावतात? लढतीनंतर यांना बघायला डॉक्टर असतो का? मी ओळखून होते. ते अमेरिकेतले गडी बघतच नव्हते. पाच वर्षं बोलले नव्हते त्या पोराचं जग चोरून बघत होते.

मी पोराला फोनवर सांगितलं, आप्पा बघतात हल्ली. तो म्हणाला, खरंच? आणि पुन्हा विचारलं, खरंच आई?

पुढं तीन-चार महिन्यांनी त्यानं सांगितलं की एक मोठी लढत ठरली आहे, पुण्यातच, रविवारी संध्याकाळी. ही जिंकली तर परदेशात जायचं, तिथं करार, तिथंच राहायचं. मी विचारलं, आणि हरलास तर? म्हणाला, हरलो तर आता बास आई. वय निघालं. सोडतो सगळं, घरी येतो, आप्पांच्या पाया पडतो, सोलापुरातच पोरांना शिकवतो.

झालं. तेव्हापासून मला एकच. हा हरू दे. कुठली आई असं मागते? मी मागितलं. सकाळी दिवा लावताना मागितलं. परदेशात गेला की हा आपल्याला मेल्यावरच बघायला येणार, आणि बाप-लेक एकमेकांचं तोंड न बघता राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. एकदा हरला की घर जुळतं. थोडा मार खाईल, दोन दिवस अंग दुखेल, हळद-दूध देईन. याहून वाईट मार त्यानं तालमीत खाल्ला होता.

त्या आठवड्यात खालचा गृहस्थ वर आला आणि अडखळत म्हणाला, अक्का, आयडीवर आपल्या पोराची लढत पण आलीया. सगळ्यांनी पोरालाच जिंकणार धरलाय. मालकांनी ऐकलं. खांद्यावरचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर ठेवला. म्हणाले, घरचं पोर हाय, मी आखाड्याच्या भाईर. आणि चप्पल घालून निघून गेले. मला त्यांचं बरोबर वाटलं. मी पण त्यांच्या मागोमाग बाहेर पडायला हवं होतं.

शनिवारी अकराच्या सुमाराला पोराचा फोटो आला. वजन झालं होतं, सहासष्ट किलो बरोबर. एरवी त्याचं वजन शहात्तर असायचं. उघड्या अंगानं काट्यावर उभा, दोन्ही दंड फुगवलेले. खाली लिहिलं होतं, कसा दिसतो?

मी फोटो मोठा करून बघितला. डोळे आत गेले होते. गालफडं बसली होती. हसत होता आणि वरचा ओठ दातावर अडकला होता. मागून एका हातानं त्याचं कोपर धरलं होतं. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर मी ओरडले असते. मालकांना हाक मारली असती, म्हटलं असतं, अहो बघा, हा उद्या दुसऱ्या फेरीत बसतो. आणि देवाशपथ सांगते, मला तेच वाटलं. आधी तेच वाटलं. हा दुसऱ्या फेरीत बसतो. आणि जिवाला बरं वाटलं.

मी त्याला लिहिलं, छान दिसतोस, जेव आता.

मग माझ्या फोनवरच्या आयडीवरून मी त्याच्या विरुद्ध पैसे लावले. नेहमीइतकेच, भाजीच्या पिशवीपुरते. का लावले? पैसे मिळवायला नाही, एवढं माझ्यावर विश्वास ठेवा. नवस बोलताना नारळ पुढं ठेवतो तसं काहीतरी माझ्या मनात होतं. नुसतं मागून होत नाही, काहीतरी लावावं लागतं, असं वाटलं. तीस वर्षं जी बाई पाण्याविना सुकलेलं पोर बघितलं की धावत सुटायची, तिनं आपल्या पोराला सुकलेलं बघितलं आणि बोटानं बटण दाबलं. एक फोन करायचा होता. बाळा, मीठ-साखरेचं पाणी घे, घोट घोट घे, लघवी होत नसेल तर डॉक्टरला सांग, उतरू नको. दीड मिनिटाचा फोन. केला नाही. केला असता तर कदाचित तो जिंकला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लढत आम्ही घरीच बघितली. मी पलंगावर, मालक दाराच्या चौकटीला टेकून उभे, आखाड्याबाहेर. पहिल्या फेरीत पोरगं चांगलं लढलं. दुसऱ्या फेरीत त्याचे पाय जड झाले. समोरच्यानं मांडीवर लाथा मारल्या, एक, दोन, सात, आठ, आणि हा हलेच ना. मग खाली पाडून वरून मारलं. पंचानं सोडवलं. तो उठून बसला, समोरच्याला मिठी मारली, कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला. मला रडायला आलं आणि आतून मी सुखावले. मालक चप्पल घालून बाहेर गेले. मी डब्यातून गहू काढले आणि हुग्गी करायला भिजत घातले. आमच्याकडं जावई आला, मुलगा आला की गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, करतात, आणि माझा पोरगा घरी येणार होता.

पहाटे फोन आला. त्याच्या तालमीतल्या माणसाचा होता. रात्रभर उलट्या, पाय सुजलेत, लघवी चहासारखी लाल आणि आता तीही बंद. दवाखान्यात नेलंय. पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती.

आम्ही पहिली एसटी धरली. मोबाईल मालकांच्या हातात होता, कारण पुण्याहून सारखे फोन येत होते आणि मला ते उचलवत नव्हते. मोहोळ सुटलं तेव्हा फोन वाजला म्हणून मालकांनी बघितलं. फोन नव्हता. आयडीचा निरोप होता, तुम्ही जिंकलात म्हणून, लढत कुठली आणि कुणावर लावले ते सगळं लिहिलेलं. मालकांना इंग्रजी येत नाही, पण आपल्या पोराचं नाव तेवढं ओळखू येतं. आणि तो निरोप कसा असतो हे त्यांनी वर्षभर बघितलेलं होतं. त्यांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला.

टेंभुर्णी आली. मग मीच सगळं सांगितलं. फोटो, डोळे, ओठ, जेव आता असं लिहिलं ते, पैसे, नवस. मागच्या बाकावरची बाई ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. मालक खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्या त्याच्यावर लावले हुते. खालच्याकडनं. मोठी रक्कम."

मी विचारलं, तुम्हाला दिसलं नव्हतं?

"दिसलं की. खालच्यानं दावला त्याला काट्यावर. पायात जीव न्हवता. हरनार हुता म्हनूनच लावले. त्याच्या बाजूनं कुनीतरी पायजे की."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला फोन लावायला तोंड न्हवतं. तुला हुतं."

त्यानंतर चिडून, भांडून ते कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं विचारलं, यानं किती दिवसांत किती वजन उतरवलं. पोराला नीट सांगता येत नव्हतं. मी सांगितलं, शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी बंद असतं. म्हणाली, तुम्हाला माहीत आहे? मी म्हटलं, नर्स होते. सुकलेल्या अंगानं मार खाल्ला, मांड्यांचं मांस आत फुटलं, ते सगळं किडनीत जाऊन बसलं, असं तिनं मालकांना समजेल असं सांगितलं. पंधरा दिवस मशीनवर रक्त धुतलं. मालक त्याच्या पायथ्याशी स्टुलावर बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी पोरानं डोळे उघडून आप्पा म्हटलं. मालकांनी त्याचा तळपाय दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, दुखतंय का. पाच वर्षांनी बोललेला पहिला शब्द.

पोरगं घरी आलं. मागितलं होतं तसंच आलं. आता आठ महिने झाले. किडनी पूर्वीसारखी होणार नाही म्हणतात. मशीनवर जावं लागत नाही, एवढंच नशीब. जड उचलायचं नाही, मीठ नाही, शेंगाची चटणी नाही, हुग्गी नाही. पाणी मापून द्यायचं. सकाळी मी तांब्यात दिवसाचं पाणी काढून ठेवते. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारी गच्ची तापते, त्याच्या घशाला कोरड पडते, आई अर्धा पेला दे म्हणतो. आणि मी, सगळ्या तालुक्याच्या पोरांना पाणी पाजलेली बाई, नाही म्हणते.

बाप-लेकांचं चांगलं चालतं. मालक त्याला चिडवतात, तो हसतो, दोघं संध्याकाळी हळूहळू तालमीपर्यंत चालत जातात. खालचा गृहस्थ आता वर आला तरी मोबाईल काढत नाही. माझा आयडी मी बंद केला, त्यात आले ते पैसे तिथंच बुडाले.

परवा दुपारी मी पोराचा रक्तदाब बघत होते. मालक उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होते. पट्टा दंडाला होता आणि मी काट्याकडं बघत होते, तेव्हा त्यानं विचारलं. रागानं नाही. सहज, बरेच दिवस मनात असल्यासारखं.

"आई, वजन झाल्यावर मी तुला फोटो धाडलावता की. तू तर नर्स हाईस. तुला त्यातनं काय दिसलं न्हवतं?"

मालकांचा हात थांबला. शेंगा फुटायचा आवाज बंद झाला.

मी पट्ट्यातली हवा सोडली. सगळी सुटेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "न्हाय रं बाळा. मोबाईलच्या फोटोत कुटं काय दिसतंय."

पोरानं बापाकडं बघितलं. आपल्या आईच्या डोळ्याचं कौतुक त्यानं फोनवर माझ्याच तोंडून किती वेळा ऐकलं होतं. पण मालकांनी मान खाली घालून शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि म्हणाले, "तुजी आई नर्स हाय, देव न्हाय."

"व्हय की," पोरगं म्हणालं, आणि बाही खाली केली. त्याला ते पटलं.